हिरव्या पॉइंटरचं भिंग आणि हरवलेली निळसर काच : एक प्रकरण

पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या पायथ्याशी, एका तालुक्याच्या गावी आमचं आकाशदर्शन मंडळ आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम गाळलंय, बाकी घडलं तसं लिहितोय. मी कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक होतो, आता निवृत्त. मंडळात मला सगळे काका म्हणतात आणि जे मोडेल ते काकांकडे द्यायचं अशी रीत आहे. या खेपेला ती रीत पाळता आली नाही, कारण मी महिनाभर मुलीकडे नागपूरला होतो.

मंडळाकडे एकाच वेळी घेतलेले, एकाच बनावटीचे दोन हिरवे लेझर पॉइंटर होते. त्यातला एक दोन वर्षांपूर्वी बंद पडला, तो ड्रॉवरमध्ये तसाच होता. दुसऱ्यावर कार्यक्रम चालायचे. ज्यांनी कधी चाळीस मुलांना बोटाने तारा दाखवायचा प्रयत्न केलाय, त्यांना पॉइंटरचं मोल सांगायला नको. बोट एकच, पण प्रत्येकाला ते वेगळ्याच ताऱ्यावर टेकलेलं दिसतं. हिरवी रेघ मात्र सगळ्यांना शर्मिष्ठेवरच नेऊन सोडते. माणसाचा डोळा उजेडात 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतो आणि हा हिरवा 532 चा, म्हणून तेवढ्याच शक्तीच्या लाल पॉइंटरपेक्षा तो कितीतरी उजळ दिसतो.

पुढचं सगळं रामायण या पॉइंटरच्या पोटात काय असतं ते माहीत नसल्यामुळे झालं, म्हणून ते आधी सांगतो. लाल पॉइंटरमध्ये एक डायोड आणि त्याच्यापुढे काही मिलिमीटरवर एक भिंग, एवढाच संसार. आमच्यासारख्या हिरव्यात मुळात हिरवा प्रकाश देणारं काही नसतंच. आत 808 नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देणारा, डायोड असतो. तो एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून 1064 नॅनोमीटरचा, म्हणजे तोही अवरक्तच, प्रकाश निघतो. दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करतो, तेव्हा कुठे 532 चा हिरवा मिळतो. स्फटिकातून निघालेली बारीक शलाका एक छोटं अंतर्वक्र भिंग पसरवतं आणि तोंडाशी बसवलेलं बहिर्वक्र भिंग तिला पुन्हा समांतर करतं. या वाटेत फिकट निळसर-हिरवट काचेचा एक तुकडा असतो. हिरव्याला जाऊ द्यायचं आणि उरलेल्या अवरक्ताला अडवायचं, हे त्याचं काम. तुकडा तीन-चार मिलिमीटरचा. दिसायला एखाद्या बांगडीचा तुटका काप वाटावा असा.

अडचण

मेअखेरच्या शेवटच्या कार्यक्रमानंतर पॉइंटर लोखंडी कपाटात गेला. सेल आतच राहिले. आमच्याकडचा पाऊस असा की कपाटातल्या पुस्तकांना वास येतो आणि चामड्याच्या पट्ट्यांवर पांढरी लव धरते. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी पॉइंटर काढून भिंतीवर लावून पाहिला. ठिपका मंद, कडा फाटलेल्या, भोवती धुरकट वलय. दहा दिवसांवर शाळेतल्या मुलांचा कार्यक्रम होता.

अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांनी तोंडावर फुंकर मारली आणि शर्टाच्या टोकाने भिंग पुसलं, चष्मा पुसावा तसं. वलय हललं नाही. उलट आता ठिपक्यातून बारीक रेषा फुटायला लागल्या. मग त्यांनी पॉइंटर मंडळातल्या एका मुलाच्या हाती दिला. तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हात चांगला आहे, उत्साह त्याहून जास्त. यापुढे त्याला ‘पोरगा’च म्हणतो, कारण मी त्याला तसंच म्हणतो.

इथे पहिला निर्णय झाला, आणि तो निर्णय आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. दोन तक्रारी होत्या. प्रकाश मंद होता, आणि ठिपका फाटलेला होता. दोघांनी मिळून त्यांची एक तक्रार केली : भिंग खराब झालंय. सेल कुणी बदलून पाहिले नाहीत. नंतर मी उघडलं तेव्हा सेलच्या टोकाशी पांढरा क्षार साचलेला होता आणि खालची स्प्रिंग हिरवी पडली होती. मंदपणाचं मोठं कारण तिथे होतं. फाटलेला ठिपका मात्र खरंच भिंगामुळे होता, पण ज्या बाजूने पुसत होते त्या बाजूमुळे नव्हे. बुरशीचा पातळ थर आतल्या बाजूला धरला होता.

समोरचे पर्याय

पोराने नंतर मला सगळं खरं सांगितलं, त्यावरून हे लिहितोय. त्याच्यापुढे चार वाटा होत्या. नवा पॉइंटर मागवायचा. तो दहा दिवसांत येईल याची खात्री नव्हती आणि अध्यक्ष खर्चाला राजी नव्हते. भिंग नीट साफ करायचं. नवं भिंग मागवून बसवायचं. किंवा ड्रॉवरमधल्या मेलेल्या जुळ्या भावाचं भिंग काढून याला लावायचं.

पाचवी वाट होती काकांना फोन करायची. “तुम्हाला एवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा म्हटलं,” असं तो म्हणाला. त्यावर काय बोलणार? आम्ही थोरांनी मुलांना हेच शिकवलंय.

त्याने साफसफाईपासून सुरुवात केली, ते योग्यच होतं. फक्त हाताशी जे होतं ते वापरलं. बहिणीच्या डब्यातलं नेलपॉलिश रिमूव्हर. त्यात ॲसिटोन असतं, आणि या स्वस्त पॉइंटरांची भिंगं पुष्कळदा ॲक्रिलिकची, म्हणजे प्लॅस्टिकची असतात. ॲसिटोन ॲक्रिलिकला विरघळवतं. कापसाचा बोळा दोनदा फिरला आणि भिंग दुधाळ झालं, कडेला केसासारखे तडे गेले. आता साफ करण्यासारखं काही उरलंच नाही.

भिंग काचेचं की प्लॅस्टिकचं, हे ओळखायला फार विद्या लागत नाही. काच ओठाला गार लागते, प्लॅस्टिक लागत नाही. भिंग सुटं असेल तर दोन्हींच्या वजनातही फरक जाणवतो. ओळखता आलं नाही, तर प्लॅस्टिकच आहे असं धरून चालावं.

काय केलं

पोराने तोंडाची पितळी टोपी फिरवून काढली, आतली आट्यांची कडी सोडवली आणि दुधाळ भिंग बाहेर काढलं. त्याच वेळी वर्तमानपत्रावर एक छोटासा निळसर तुकडा पडला. त्याला वाटलं, काहीतरी फुटलंय किंवा भिंग घट्ट बसावं म्हणून घातलेली चीप असावी. तुकडा कागदाबरोबर घडी होऊन रद्दीत गेला.

मग त्याने भिंग मागवलं. लेझरचा छंद असलेल्यांमध्ये 9 मिलिमीटर व्यासाच्या, अर्धा मिलिमीटर आट्यांच्या पितळी कड्यात बसवलेली काचेची भिंगं चालतात. वरून परावर्तन रोखणारा थर असतो, किंमत परवडते. चांगली वस्तू आहे, पण ती डायोडच्या अगदी तोंडाशी बसण्यासाठी. तिचं नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून प्रकाश एकवटतो तिथवरचं अंतर, फारच कमी. आमच्या पॉइंटरला लागत होतं आधी पसरलेल्या शलाकेला समांतर करणारं, लांब नाभीय अंतराचं भिंग. आलेलं भिंग आट्यांत बसलं नाही. बसलं असतं तरी ठिपका काही जुळला नसता. चार दिवस आणि भिंगाचे पैसे गेले. लाल पॉइंटरचं ज्ञान हिरव्याला लावलं, एवढीच चूक.

शेवटी मेलेल्या पॉइंटरची टोपी उघडून त्यातलं भिंग काढलं. तेही ॲक्रिलिकचं, पण स्वच्छ होतं. ते बसवलं आणि त्याच वेळी नवे सेल घातले. भिंतीवर लखलखीत, गोल, आखीव ठिपका पडला. अध्यक्षांनी पोराची पाठ थोपटली. शाळेच्या मैदानात चाळीस मुलांना कृत्तिका, महाश्वाचा चौकोन आणि देवयानीतली दीर्घिका दाखवून झाली. मुलं खूश, शिक्षक खूश.

शलाका कधी नव्हे इतकी जोरदार होती, असं सगळे म्हणत होते. तेवढं ऐकूनच खरं तर कुणीतरी थबकायला हवं होतं.

कळलं कसं

मी परतलो तेव्हा पोराने कौतुकाने पॉइंटर आणून दाखवला. ठिपका कितपत फाकतो ते मोजू म्हटलं. शाळेच्या लांब ओवरीत आलेखाचा कागद चिकटवला, पलीकडच्या टोकाला कुणी नाही ना हे पाहिलं. 5 मीटरवर ठिपका 6 मिलिमीटर भरला, 45 मीटरवर 54. म्हणजे 40 मीटरमध्ये 48 मिलिमीटर वाढ, दर मीटरला 1.2 मिलिमीटर, म्हणजेच 1.2 मिलिरेडियन. या किमतीच्या पॉइंटरला हे ठीक आहे. पोराने आट्या फिरवून जुळवणी उत्तम केली होती, हे कबूल करायला हवं.

मग सवयीने सेल काढले, टोपी सोडवली आणि टॉर्चच्या तिरप्या उजेडात आत पाहिलं. सेल काढल्याशिवाय पॉइंटरच्या तोंडात बघायचं नाही, बटण दाबलेलं असो वा नसो. हा माझा प्रयोगशाळेतला जुना नियम आहे. भिंगामागच्या खाचेत काहीच नव्हतं, फक्त खाचेची कडा चमकत होती.

“इथली निळी काच कुठंय रे?”

“कुठली काच, काका?”

त्याला रद्दीतला तुकडा आठवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. रद्दी दिवाळीच्या आवराआवरीत विकून झाली होती.

काच नाही म्हणजे अवरक्त बाहेर पडतंच असं नाही. बघितल्याशिवाय बोलायचं नाही, म्हणून बघितलं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या लोकांनी एका स्वस्त हिरव्या पॉइंटरबद्दल टिपण लिहिलं होतं. त्या पॉइंटरमधून हिरव्याच्या कितीतरी पट अवरक्त प्रकाश बाहेर पडत होता, कारण गाळणीची काच त्यात बसवलेलीच नव्हती. घरच्या घरी ते कसं तपासायचं हेही त्यांनी सांगितलं होतं : एक सीडी, एक कॅमेरा आणि टीव्हीचा रिमोट.

आम्ही ते असं केलं. रिमोटचं बटण दाबून त्याचा दिवा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात पाहिला, जांभळट चमकला. म्हणजे या कॅमेऱ्याला अवरक्त दिसतं. रिमोटचा प्रकाश साधारण 940 नॅनोमीटरचा असतो, तो दिसला तर 808 नक्की दिसणार. मागच्या कॅमेऱ्यात मात्र काहीच दिसलं नाही, त्यात गाळणी घट्ट असते. सीडीवरच्या ओळी एकमेकींपासून 1.6 मायक्रोमीटरवर असतात, त्यामुळे ती विवर्तन जाळीचं काम फुकटात करते, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश वेगवेगळ्या कोनांत परत पाठवते. पॉइंटर शिकंजात धरला, एका पुठ्ठ्याला भोक पाडलं, त्यातून शलाका 20 सेंटीमीटरवरच्या सीडीवर सरळ पाडली. परतलेले ठिपके पुठ्ठ्यावर उमटतात. आम्ही दोघं बाजूला बसून फक्त मोबाइलच्या पडद्यावर बघत होतो.

हिशेबाने हिरव्याचा पहिला ठिपका भोकापासून 7 सेंटीमीटरवर यायला हवा, तो आला. 808 चा ठिपका 11.7 सेंटीमीटरवर हवा. डोळ्यांना तिथे कोरा पुठ्ठा दिसत होता. मोबाइलमध्ये मात्र साधारण साडेअकरावर एक फिकट जांभळा, ठळक ठिपका होता. पोरगा आळीपाळीने पुठ्ठ्याकडे आणि पडद्याकडे बघत राहिला.

1064 चं काय, हे त्याने लगेच विचारलं, आणि मला त्याचा अभिमान वाटला. 1064 ही 532 ची बरोबर दुप्पट. म्हणून तिचा पहिला ठिपका आणि हिरव्याचा दुसरा ठिपका एकाच जागी, 17.8 सेंटीमीटरवर पडतात. एकावर एक. जागेवरून ते वेगळे करता येत नाहीत, आणि मोबाइलचा कॅमेरा 1064 ला जवळजवळ आंधळाच असतो. म्हणून या चाचणीत पुरावा धरायचा तो 808 चा. नेमका किती अवरक्त बाहेर पडतोय हे सांगायला शक्तिमापक लागतो, तो आमच्याकडे नव्हता. पॉइंटरवर ‘5 मिलिवॉटपेक्षा कमी’ असं लिहिलेलं होतं, पण ते लिहिणाऱ्याने मोजून लिहिलं असेल असं मी धरत नाही.

दिसणारा प्रकाश डोळ्यात गेला तर माणूस पाव सेकंदात डोळे मिटतो किंवा तोंड फिरवतो. अवरक्ताला ती प्रतिक्रिया होत नाही. तो दृष्टिपटलापर्यंत पोचतो आणि कळतही नाही. शाळेच्या मैदानात शलाका आकाशाकडेच होती, कुणाला काही झालं नाही. मैदानाच्या कडेला मात्र एक पत्र्याची शेड आहे आणि पाण्याची टाकी आहे, त्यांवरून शलाका परतली असती तर, हे मला त्या रात्री झोपेत आठवत राहिलं.

दुसरा निर्णय

नोव्हेंबरच्या मध्यावर सिंह राशीतल्या उल्कावर्षावाचा कार्यक्रम ठरलेला होता. अध्यक्षांचं म्हणणं होतं की एक कार्यक्रम झालाच आहे, दुसराही होईल, मग सावकाश दुरुस्ती करू. “तुम्ही फार ताणताय,” ते मला म्हणाले. मी ताणलं. अवरक्त गळणारा पॉइंटर मुलांत न्यायचा नाही, यावर मी हटून बसलो. बोलाचाली झाली. शेवटी ठरलं की दुरुस्ती झाली आणि चाचणीतला अवरक्ताचा ठिपका नाहीसा झाला तरच पॉइंटर बाहेर काढायचा. नाहीतर त्या रात्री बोटाने आणि शब्दांनी भागवायचं.

दुरुस्ती आश्चर्य वाटावं इतकी सोपी निघाली. मेलेल्या पॉइंटरचं पितळी डोकं, म्हणजे अंतर्वक्र भिंग, निळी काच आणि तोंडाची कडी असं सगळं, मुळापाशी आट्यांनी बसवलेलं होतं. उसनं घेतलेलं भिंग त्याच्या जागी परत घातलं आणि ते डोकं जसंच्या तसं चालू पॉइंटरवर चढवलं. स्फटिकांच्या भागाला हात लावला नाही. तो डिंकाने जुळवून बसवलेला असतो. तिथे हात घातला तर हिरवा कायमचा गेला असं समजावं.

भिंग घालण्याआधी आतून-बाहेरून साफ केलं. आधी रबरी फुग्याने धूळ उडवली, कारण धुळीवर फडकं फिरवणं म्हणजे सँडपेपर फिरवणं. मग ऊर्ध्वपातित पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब. भिंगाच्या कागदाची पट्टी भिंगावर ठेवायची, तिच्यावर थेंब सोडायचा आणि पट्टी दाब न देता एकदाच ओढून घ्यायची. पुन्हा करायचं तर नवी पट्टी. काचेच्या भिंगाला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, ॲक्रिलिकला मी ते शक्यतो लावत नाही. सेलच्या स्प्रिंगवरचा क्षार कानाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून काढला, मग ओल्या काडीने पुसून सुकू दिला.

ओवरीत पुन्हा ठिपका जुळवला. जुळलेली कडी हलू नये म्हणून पोरगा सुपरग्लू घेऊन आला. तो मी हातातून काढून घेतला. सुपरग्लूची वाफ जवळच्या भिंगावर पांढरी बसते, आणि आम्हाला दुधाळ भिंगांचा पुरेसा अनुभव आला होता. त्याऐवजी आट्यांवर बाहेरून नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका दिला, भिंगापासून लांब. बहिणीच्या डब्यात बरोबर बाटली पहिल्यापासून होती, पोराने शेजारची उचलली होती.

निष्पत्ती

सीडीची चाचणी पुन्हा केली. 7 वर हिरवा, 17.8 वर हिरवा, साडेअकरावर काही नाही. मोबाइल बदलून, अंधार करून पाहिलं, तरी काही नाही. उजळपणा मात्र शाळेच्या कार्यक्रमाइतकाच राहिला, कारण तो मुळात नव्या सेलमुळे वाढला होता.

उल्कांच्या रात्री पॉइंटर वापरला. ढगांमुळे उल्का पाचच दिसल्या.

आता पॉइंटर कपाटात न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात असतो, सेल बाहेर. डब्याच्या झाकणावर पोराने स्वतःच्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या आहेत : आधी सेल बघ, तोंडात बघू नकोस, विमानाचा दिवा दिसला की बंद कर.

वेगळं काय करता आलं असतं

सेल बदलणं हे एका मिनिटाचं आणि कुठलाही धोका नसलेलं काम. ते सगळ्यांत आधी व्हायला हवं होतं. ते झालं असतं तर मंदपणा गेला असता, फाटलेला ठिपका तेवढा उरला असता आणि मग आतल्या बुरशीपर्यंत विचार पोचला असता.

उघडण्यापूर्वी आणि प्रत्येक भाग काढताना मोबाइलने फोटो काढायला हवे होते. पांढऱ्या ताटात उघडायला हवं होतं, वर्तमानपत्रावर नाही. ताटात पडलेला तुकडा माणूस विचार करून उचलतो, कागदावरचा झटकून टाकतो. दोन एकसारखे पॉइंटर हाताशी होते. मेलेला आधी उघडून त्याचा नकाशा समजून घेतला असता, तर ती काच काय आहे हा प्रश्न तरी पडला असता. आणि नुसतं भिंग न काढता अख्खं डोकं बदललं असतं, तर काच हरवलीच नसती. पण हे मला आज कळतंय. मी तिथे असतो तर मीही कदाचित आधी भिंगच काढलं असतं.

माझ्याकडूनही एक राहिलं. रिमोट आणि सीडीची चाचणी मला ठाऊक होती, पण दोन्ही पॉइंटर नवे आले तेव्हा ती मी केली नव्हती. काच असते, एवढ्यावर विसंबलो. डिसेंबरात मंडळाने आणखी दोन पॉइंटर घेतले, तेव्हा पुठ्ठा आणि सीडी बरोबरच घेऊन गेलो आणि दुकानाच्या काउंटरवरच मांडामांड केली. एक स्वच्छ निघाला. दुसऱ्याचा साडेअकरावर ठिपका आला. दुकानदार मोबाइलच्या पडद्यात वाकून बघत म्हणाला, “पण काका, हिरवा तर येतोय ना चांगला?” पैसे त्याने लगेच परत दिले आणि पॉइंटर पुन्हा शोकेसमध्ये ठेवला. मी तो मागून घेतला, पुन्हा पैसे मोजले, आणि घरी आणून त्याचं डोकं सुट्या भागांच्या डबीत टाकलं.